देवळाली संख्या, पाया २: प्रकल्पाच्या नोंदी

२ जून

विषय पक्का झाला. कापरेकरांच्या स्वयंभू संख्या द्विमान पद्धतीत (पाया २, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक) न्यायच्या, त्यांची क्रमिका मुळापासून समजून घ्यायची आणि दहावीच्या मुलामुलींना कागद-पेन्सिलीने सोडवता येईल अशी छोटी पुस्तिका तयार करायची. संगणक फक्त पडताळणीला.

मूळ खेळ सोपा आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ + २ + ३ = २८, म्हणजे २३ हा २८ चा जनक. काही संख्यांना मात्र जनकच सापडत नाही, त्याच स्वयंभू. दशमानात त्या १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५ अशा येतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर होते. या संख्यांवरची त्यांची पुस्तिका १९६३ ची, आणि गावावरून त्यांना देवळाली संख्या हे नाव मिळालं. १९७० च्या दशकात बेर्नार्दो रेकामान यांनी हाच प्रश्न 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त मांडला. ते कोलंबियाचे, म्हणून कोलंबियन संख्या हेही नाव रूढ आहे. पुस्तिकेत मी 'देवळाली' आणि 'स्वयंभू' हीच दोन नावं वापरणार. नाशिकजवळच्या शाळेत बसून एका शिक्षकाने हे शोधलं, हे मुलांना पहिल्या पानावर कळलं पाहिजे.

पाया २ का? दशमानात अंकांची बेरीज म्हणजे ० ते ९ अशा दहा अंकांचा हिशेब. द्विमानात तीच बेरीज म्हणजे १ किती आहेत एवढंच मोजणं. वरची सालं निघून जातात आणि आतली यंत्रणा उघडी दिसते.

खुणा ठरवून ठेवतो. ए(न) म्हणजे न च्या द्विमान रूपातल्या १ ची संख्या. क(न) = न + ए(न). ज(स) म्हणजे स ला किती जनक आहेत. ज(स) = ० असेल तर स स्वयंभू.

३ जून

हाताने तक्ता केला. न = ० पासून १६ पर्यंत क(न) असं येतं:

०, २, ३, ५, ५, ७, ८, १०, ९, ११, १२, १४, १४, १६, १७, १९, १७

यात १ नाही, ४ नाही, ६ नाही, १३ नाही, १५ नाही. ५ दोनदा आहे (३ आणि ४ पासून), १४ दोनदा, १७ दोनदा. ६४ पर्यंत तक्ता पुढे नेला की स्वयंभूंची यादी अशी होते:

१, ४, ६, १३, १५, १८, २१, २३, ३०, ३२, ३७, ३९, ४६, ४८, ५१, ५४, ५६, ६३

एकूण १८. नील स्लोअन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या पूर्णांक क्रमिकांच्या विश्वकोशात ही क्रमिका ए०१००६१ या क्रमांकावर आहे.

यादीत पहिल्या नजरेला काही नियम दिसत नाही. फरक ३, २, ७, २, ३, ३, २, ७, २, ५, २, ७, २, ३, ३, २, ७ असे पडतात. पण ही बेशिस्त नाही. २, ७, २ पुन्हा पुन्हा येतात, ३, ३ सुद्धा येतात. हे तुकडे कुठून येतात, तेच शोधायचं आहे.

५ जून

आज मुख्य धागा हाती लागला: हातचा.

क(न) वरून क(न + १) वर जाताना काय होतं? न च्या शेवटी लागोपाठ ट वेळा १ असतील, तर १ मिळवताना हातचा ट वेळा पुढे जातो. ते ट एक पुसले जातात आणि पुढच्या ० चा १ होतो. म्हणजे ए मध्ये १ − ट इतका फरक, आणि क मध्ये २ − ट इतका. गाडीच्या मीटरवर ९९९ नंतर १००० येताना सगळी चाकं एकदम फिरतात, तसंच हे.

हातचा गेलाच नाही (ट = ०), तर क दोनने पुढे उडी मारतो. एकदा गेला, तर एकाने. दोनदा गेला, तर क जागचा हलत नाही: ३ वरून ४ वर जाताना ५ चा ५ च राहतो. तीनदा गेला, तर क एक पाऊल मागे येतो: ७ ला १०, ८ ला ९. १५ वरून १६ वर जाताना १९ चा १७ होतो.

हे एकच वाक्य पुढच्या सगळ्याचं मूळ आहे. दोनच्या उड्यांमुळे मधल्या जागा सुटतात आणि मागे येण्यामुळे भरलेल्या जागा पुन्हा भरतात. ट ची क्रमिका ०, १, ०, २, ०, १, ०, ३, ०, १, ०, २... अशी, फूटपट्टीवरच्या लहानमोठ्या रेघांसारखी चालते. तिची सरासरी १ येते, म्हणून क ची सरासरी चालही १ ची. मोठ्या पल्ल्यावर जितके न तितक्याच जागा. त्यामुळे एखादी जागा दोनदा भरली, की दुसरी कुठली तरी रिकामी राहणारच. पुढे घनता काढताना हे लागेल.

८ जून

छोटी नोंद. ० पासून न पर्यंत एक एक मोजत गेलं, तर एकूण हातचे किती? उत्तर न − ए(न). आणि गणिती लझांद्र यांच्या सूत्रानुसार न! मध्ये (१ पासून न पर्यंतच्या संख्यांच्या गुणाकारात) २ चा घातही नेमका तेवढाच असतो. १०! घ्या: १० म्हणजे १०१०, त्यात दोन १, म्हणून १० − २ = ८. पडताळा: ५ + २ + १ = ८. कुमर यांनी १८५२ मध्ये हेच पुढे नेलं. दोन संख्यांची बेरीज करताना जितके हातचे येतात, तितका पायाचा घात संबंधित द्विपद सहगुणकात असतो (पाया मूळ संख्या असेल तेव्हा). पुस्तिकेत हे चौकटीत एवढंच देईन.

१२ जून

आजचा दिवस मोठा. तक्ता न करता ज(स) काढायची रीत नीट लिहून काढली.

स ही संख्या २^म (२ चा म वा घात) इतकी किंवा मोठी, पण २^(म+१) हून लहान समजा. तिचा जनक दोनच ठिकाणी असू शकतो.

पहिलं ठिकाण २^म च्या पलीकडे. जनक २^म + प असा लिहू. त्यातले १ म्हणजे ए(प) + १. मग अट होते: प + ए(प) = स − २^म − १. म्हणजे तोच प्रश्न, लहान संख्येसाठी.

दुसरं ठिकाण २^म च्या अलीकडे. जनक २^म − १ − फ असा लिहू. २^म − १ म्हणजे ओळीने म वेळा १. त्यातून फ वजा करताना कुठेच उसनं घ्यावं लागत नाही, कारण फ मधला प्रत्येक १ आपल्या जागचा १ पुसतो आणि बाकीचे तसेच राहतात. म्हणून त्यात म − ए(फ) इतके १ उरतात. अट होते: फ + ए(फ) = २^म + म − १ − स. पुन्हा तोच प्रश्न, पण आरशात उलटा दिसावा तसा: स पुढे सरकला की उजवी बाजू मागे सरकते.

एकत्र केलं की:

ज(स) = ज(स − २^म − १) + ज(२^म + म − १ − स)

ज(०) = १, आणि ऋण संख्येसाठी ज = ०. बस्स, एवढंच.

वापरून पाहू. १३ घ्या, म = ३. ज(१३) = ज(४) + ज(−३). ज(४) साठी म = २: ज(−१) + ज(१). ज(१) साठी म = ०: ज(−१) + ज(−१) = ०. म्हणून १३ स्वयंभू. आता १३४, म = ७: ज(५) + ज(०) = २ + १ = ३. तीन जनक, १२७, १३१, १३२. पडताळा: १२७ + ७, १३१ + ३, १३२ + २. तिन्ही १३४.

डाव्या आणि उजव्या कंसातल्या संख्यांची बेरीज नेहमी म − २ येते. म्हणजे आरसा फक्त २^म च्या जवळ, म च्या आसपासच्या अंतरापर्यंतच काम करतो. त्यापुढे दुसरं पद ऋणात जातं आणि ज(स) = ज(स − २^म − १) एवढंच उरतं, म्हणजे जुनी यादी जशीच्या तशी पुन्हा छापली जाते. ३ तारखेला दिसलेले २, ७, २ आणि ३, ३ हे तुकडे याच छापाचे. ६४ नंतरच्या स्वयंभू संख्या बघा: ७१, ७८, ८०, ८३, ८६, ८८... प्रत्येकीतून ६५ वजा करा, ६, १३, १५, १८, २१, २३ मिळतात. विस्कळीत वाटणारी यादी स्वतःचीच नक्कल करत पुढे जाते, फक्त २ च्या घातांपाशी शिवण पडते. ही शिवण म्हणजेच लांबच लांब हातचा.

१४ जून

सूत्रात स = २^म ठेवलं, तर पहिलं पद ज(−१), म्हणजे शून्य. उरतं ज(२^म) = ज(म − १).

मला हे सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत सुंदर वाक्य वाटतं. २^म स्वयंभू आहे की नाही, हे म − १ ठरवते. १ स्वयंभू, म्हणून २^२ = ४ स्वयंभू. ४ स्वयंभू, म्हणून २^५ = ३२ स्वयंभू. ३२ स्वयंभू, म्हणून २^३३ = ८५८९९३४५९२ स्वयंभू. त्यापुढची २^(२^३३ + १), जी लिहून काढायला दोनशे कोटींहून जास्त अंक लागतील, तीही स्वयंभू. स्वयंभू संख्या अनंत आहेत याची ही सिद्धता आठवीच्या मुलालाही समजेल.

२^१०० ला जनक आहे का? त्यासाठी ९९ चा जनक हवा. ९४ म्हणजे १०११११०, त्यात पाच १, आणि ९४ + ५ = ९९. म्हणून २^१०० चा जनक २^१०० − १ − ९४ = २^१०० − ९५. त्यात १०० − ५ = ९५ इतके १, म्हणून बेरीज बरोबर २^१००. एकतीस अंकी संख्येचा जनक तीन ओळींत मिळाला.

पुस्तिकेतला सराव: २^१४ आणि २^१५ चं काय? पहिली स्वयंभू, कारण १३ स्वयंभू आहे. दुसरीला दोन जनक, कारण १४ ला ११ आणि १२ असे दोन आहेत: ३२७५६ आणि ३२७५५.

१७ जून

कच्चा मसुदा दहावीच्या काही मुलांकडून सोडवून घेतला. एका मुलीने विचारलं, पाया ३ घेतला तर? फार चांगला प्रश्न. पाया ३ मध्ये ३ चा प्रत्येक घात विषम असतो, म्हणून संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज दोन्ही एकत्र सम किंवा एकत्र विषम असतात. त्यांची बेरीज नेहमी सम. म्हणजे झाडून सगळ्या विषम संख्या स्वयंभू. कुठल्याही विषम पायात असंच होतं. त्यामुळे खरी गंमत सम पायांत, आणि त्यातला सर्वांत साधा पाया २. तिचा प्रश्न पुस्तिकेत घेतला.

२१ जून

आता उलट बाजू. एकाहून जास्त जनक असलेल्या संख्यांना कापरेकरांनी जंक्शन म्हटलं. मी 'संगम संख्या' लिहितो आहे. दशमानात पहिली १०१: ९१ + ९ + १ आणि १०० + १. तीन जनक असलेली सर्वांत लहान १०^१३ + १, आणि चार जनकांसाठी १०^२४ + १०२ ही, असं त्यांचं अनुमान होतं. पाच जनकांसाठी ए. नरसिंग राव यांनी १९६६ मध्ये एक संख्या दाखवली. तिच्यात दहाचा घातांकच एक लाख कोटीहून मोठा आहे. मॅक्स अलेक्सेयेव, डोनोवन जॉन्सन आणि नील स्लोअन यांनी अलीकडे संगम संख्यांवरच्या निबंधात कापरेकर आणि राव यांचे हे आकडे बरोबर असल्याचं सिद्ध केलं. त्यांची किल्लीही ज(स) साठीचं असंच सूत्र, कोणत्याही पायासाठी.

संगणक नसताना देवळालीत बसून १०^२४ पर्यंत पोहोचता कसं आलं, हे आता कळतं. संख्या एकेक तपासत तिथे जाता येत नाही. आरसा ओळखला की जाता येतं.

द्विमानात तोच जिना हाताने चढता येतो. लहान संगम संख्या घ्यायच्या आणि २^म च्या दोन्ही बाजूंना बसवायच्या. डावीकडे बसवलेली आणि उजवीकडे बसवलेली यांची बेरीज म − २ यायला हवी, एवढं सांभाळायचं.

एक जनक: ०. दोन जनक: ५. तीनसाठी एका बाजूला ० (एक जनक), दुसऱ्या बाजूला ५ (दोन). ० + ५ = म − २, म्हणून म = ७, आणि संख्या २^७ + ० + १ = १२९. तिचे जनक १२३, १२४, १२८. चारसाठी दोन्ही बाजूंना ५: म = १२, संख्या २^१२ + ६ = ४१०२. तिचे जनक ४०९१, ४०९२, ४०९९, ४१००.

पाचसाठी ५ आणि १२९: म = १३६, संख्या २^१३६ + ६. ही एक्केचाळीस अंकी. तिचे पाच जनक: २^१३६ + ३, २^१३६ + ४, २^१३६ − १२४, २^१३६ − १२५, २^१३६ − १२९. शेवटचा करून पाहा. १३६ वेळा १ च्या ओळीतून १२८ वजा, म्हणजे एकच १ गेला, १३५ उरले. −१२९ + १३५ = ६. जुळलं. सहासाठी दोन्ही बाजूंना १२९: म = २६०, संख्या २^२६० + १३०.

५ ते ४१०२ चार अंकांत, आणि पुढची एकदम एक्केचाळीस अंकांवर. कारण इथे आधीच्या पायरीवरची संख्याच घातांकात जाऊन बसते. मुलांना घातांकाची वाढ शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

२८ जून

शेवटचा भाग, घनता. स्वयंभू संख्या एकूण किती दाट आहेत? ज(स) च्या सूत्राने मोजल्या:

६४ पर्यंत १८
१२८ पर्यंत ३४
२५६ पर्यंत ६७
५१२ पर्यंत १३१
१०२४ पर्यंत २६१

दर वेळी जवळपास दुप्पट, थोडं इकडेतिकडे. नक्कल झाली की दुप्पट, आणि शिवणीपाशी एखाददुसऱ्याची घटवाढ. १०२४ ला प्रमाण ०.२५४९. पावपेक्षा किंचित जास्त.

नेमकं किती, हे ५ तारखेच्या नोंदीतून निघतं. एकच जागा दोनदा भरली की तिला टक्कर म्हणू. जितक्या टकरा, तितक्या रिकाम्या जागा. मग टकराच मोजू. टक्कर होते ती शिवणीवर: एका बाजूला जनक असलेली अ, दुसऱ्या बाजूला जनक असलेली ब, आणि अ + ब = म − २. म या पातळीची शिवण येते तेव्हा न हा २^म ची विषम पट असतो, म्हणजे दर २^(म+१) संख्यांत एकदा. म्हणून अशा प्रत्येक जोडीचा घनतेतला वाटा १ ÷ २^(म+१), आणि म = अ + ब + २ असल्याने तो १ ÷ २^(अ+ब+३).

आता सगळ्या जोड्यांची बेरीज. २^(अ+ब+३) = ८ × २^अ × २^ब. त्यामुळे ती बेरीज एका श्रेणीचा वर्ग होते:

घनता = (१/८) × (१ + १/२^२ + १/२^३ + १/२^५ + १/२^७ + १/२^८ + ...)²

कंसात जनक असलेल्या सगळ्या संख्या घातांक म्हणून येतात: ०, २, ३, ५, ७, ८, ९, १०, ११, १२, १४... नुसत्या १२ पर्यंतच्या दहा पदांनी ०.२५२६ मिळतं. पूर्ण किंमत ०.२५२६६०२५९०... अशी चालते. कंसातली संख्या द्विमानात लिहिली, तर ती आपली क्रमिकाच असते: जनक आहे तिथे १, नाही तिथे ०.

उम्बेर्तो झानियर यांनी या संख्यांच्या घनतेवर १९८२ मध्ये काम केलं. पुढे ट्रोई यांच्याबरोबर त्यांनी ही घनता बीजातीत असल्याचं सिद्ध केलं, म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदीचं ती मूळ नाही. ती सिद्धता पुस्तिकेच्या आवाक्याबाहेरची. पण सूत्र आणि त्याचं कारण दोन्ही आवाक्यातलं आहे, म्हणून शेवटचं पान यालाच दिलं. त्याच पानावर सराव म्हणून दहा पदांची बेरीज हाताने करायला ठेवली आहे.

३० जून

मसुदा पूर्ण. छपाईला देण्याआधी ज(स) चं सूत्र आणि सरळ मोजणी ही दोन्ही १०२४ पर्यंत संगणकावर ताडून पाहिली, प्रत्येक संख्येला जुळतात. पुढचं काम दशमानासाठी तसंच सूत्र मराठीत मांडायचं. तिथे ९ चे हातचे आहेत, आणि आरशाची अट ९ ने भाग जाण्यावर अवलंबून राहते.